गर्गे मास्तरांचा शेवटचा ठराव

गेलेल्या माणसाबद्दल वाईट बोलू नये, असं आपल्याकडे लहानपणापासून शिकवतात. हे शिकवण्याचा पगार मी स्वतः तीस वर्षं घेतला आहे. तरीही गर्गे मास्तरांबद्दल आज मी वाईट बोलणार आहे. एक माणूस निर्दोष आहे हे त्यांना ठाऊक होतं, आणि ते सांगायला त्यांनी फार उशीर केला. मास्तर जाऊन आता पुष्कळ वर्षं झाली. नाशकात त्यांची आठवण निघालीच तर ‘भला माणूस होता बिचारा’ इतकंच लोक म्हणतात. हा ‘बिचारा’ त्यांना अजिबात खपला नसता.

तीस सालानंतरची ती चार-सहा वर्षं. आमच्या पेठेत एक लहानसं वाचनालय होतं. खाली किराणा दुकान, वर दोन खोल्या आणि एक लांबट दिवाणखाना. मास्तर दिवसा शाळेत मराठी शिकवत आणि संध्याकाळी या वाचनालयाचे चिटणीस असत, अर्थात बिनपगारी. मी त्यांच्याच शाळेत नवा लागलो होतो, म्हणून न विचारताच दुय्यम चिटणीस झालो. दुय्यम चिटणिसाचं काम म्हणजे नोटिसा लिहिणं, सतरंज्या झटकणं आणि मास्तरांचं ऐकून घेणं.

मास्तर उंच होते, खांद्यात थोडे वाकलेले. कोटाची बटणं भर वैशाखातसुद्धा गळ्यापर्यंत लावलेली. बोलताना समोरच्यानं एखादं विशेषण वापरलं की ते तपकिरीची डबी बंद करायचे आणि विचारायचे, “तुम्ही पाहिलंत?” कुणी म्हणालं, अमके फार दानशूर आहेत, की मास्तर, “तुम्ही पाहिलंत?” कुणी म्हणालं, तमका पक्का लबाड आहे, तरी तेच. लोक त्यांच्यासमोर जपून बोलत, आणि पुष्कळसे मुळी बोलतच नसत.

गावात कुणी नाव असलेला माणूस गेला की आमच्या दिवाणखान्यात दुखवट्याची सभा भरे. ठराव लिहायचा तो मास्तरांनी. त्या काळी दुखवट्याचे ठराव साच्यातून काढल्यासारखे असायचे: कै. अमुक हे उदार, धर्मनिष्ठ आणि लोकसेवापरायण होते, त्यांच्या जाण्याने न भरून येणारी पोकळी वगैरे. मास्तरांचा नियम असा की, ठरावात एकच वाक्य गुणाचं घालायचं आणि ते कुणीतरी डोळ्यांनी पाहिलेलं असलं पाहिजे. ते वाक्य मिळेपर्यंत सभा होत नसे, मग दहावा उलटून गेला तरी चालेल.

एकदा एक वकील गेले. माणूस असा की अशिलांना रडवावं, शेजाऱ्यांना छळावं, भावाला दारात उभं करू नये. मास्तर तीन दिवस गावभर फिरले. वकिलांचं एखादं बरं सांगा म्हटलं की लोक हसायचे. शेवटी रविवार कारंज्यावरच्या एका टांगेवाल्यानं सांगितलं, “वकीलसायेब भाड्यासाठी लय भांडायचे, पर घोडं कदी उन्हात उभं केलं नाय त्यांनी. आधी सावलीत घे म्हनायचे, मग उतरायचे.” सभेत मास्तरांनी तेवढंच वाचलं: ‘कै. वकीलसाहेबांनी टांग्याच्या घोड्याला कधी उन्हात उभे ठेवले नाही.’ लोक एकमेकांकडे बघू लागले. मागे बसलेली वकिलांची म्हातारी बहीण मात्र पदर तोंडाला लावून रडायला लागली. सभा संपल्यावर ती मला म्हणाली, “खरं आहे हो ते. लहानपणापासून तसाच होता.”

मास्तरांची पत्नी वारली तेव्हा आम्ही म्हटलं, वाचनालयातर्फे दोन ओळी लिहू. मास्तर म्हणाले, मीच लिहितो. त्यांनी लिहिलं, ‘माझी पत्नी माझ्याशी फारसे बोलत नसे. तिला माझा कंटाळा आला असावा. तरी बावीस वर्षांत तिने मला एकदाही उपाशी बाहेर पडू दिले नाही.’ मी म्हटलं, “मास्तर, मधलं वाक्य काढा, लोक हसतील.” ते म्हणाले, “मधलं वाक्य काढलं तर शेवटचं कोण खरं मानील?” लोक हसलेच. मला मात्र तेव्हापासून या माणसाची थोडी भीती वाटू लागली.

त्यांचा दुसरा नियम स्तब्धतेचा. ते चिटणीस होण्यापूर्वी दुखवट्याच्या सभा म्हणजे गप्पांचा अड्डा असायचा. मागे पानसुपारी, पुढे घोरणं. मास्तरांनी ठरवून दिलं की, अध्यक्ष उठले की सभेनं उभं राहायचं. त्यानंतर कुणी एक अक्षर काढायचं नाही, आणि स्तब्धता संपली की न बोलता जिना उतरून घरी जायचं. एका सभेत ते उभे असताना गांधीलमाशी त्यांच्या कॉलरमध्ये शिरली आणि मानेला डसली. आम्हाला दिसत होतं. मास्तरांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं, पण हात हलला नाही. घरी गेल्यावर मान भोपळ्याएवढी सुजली. पुढे सगळं गाव हा नियम पाळू लागलं. मास्तरांना त्याचा अभिमान होता, आणि तोच त्यांना भोवला.

आता रावसाहेब मोहोळकरांकडे येतो. रावसाहेब वाईट नव्हते, आणि सगळी अडचण तिथेच होती. यात्रा कमिटीचे ते अध्यक्ष. गंगेवरच्या, म्हणजे आमच्या गोदावरीवरच्या, मोडक्या पायऱ्या त्यांनी नीट करून घेतल्या, परगावच्या गरीब मुलांना घरोघर जेवणाचे वार लावून दिले. मास्तर स्वतः विद्यार्थी असताना दर मंगळवारी मोहोळकरांच्या पंगतीला जेवलेले. “मंगळवारची पोळी अजून अंगात आहे,” असं ते म्हणत.

चैत्रातल्या एकादशीच्या रथयात्रेच्या दोन दिवस आधीची गोष्ट. मास्तर रावसाहेबांच्या ओसरीवर यात्रेच्या हस्तपत्रकाचा मसुदा लिहीत बसले होते. तेवढ्यात धोंडू भोई आला. धोंडू कमिटीचा माणूस. यात्रेच्या दिवसांत पटकीची, म्हणजे कॉलऱ्याची, साथ पसरू नये म्हणून पेठेतल्या विहिरींत लाल औषध सोडायचं काम त्याच्याकडे होतं. हातात औषधाचा डबा होता.

“रावसायेब, निंबाच्या हिरीत आज दवा सोडायची हाय,” तो म्हणाला. “डाक्टरांचा निरोप हाय, येळ लावू नको म्हनले.”

“रथ होऊ दे रे,” रावसाहेब म्हणाले. “धर्मशाळेत यात्रा उतरलीय, तिला तीच विहीर. पाणी लाल दिसलं की बायका घागरी ओततील आणि गावभर बोभाटा करतील. एकादशी झाली की टाक.”

“डाक्टर इचारतील.”

“विचारलं तर मी आहे.”

धोंडू डबा घेऊन परत गेला. मास्तर मसुदा पुरा करून घरी आले. हे सगळं त्यांनीच मला पुढे सांगितलं, शब्दाला शब्द, आणि ‘मी आहे’ सांगताना रावसाहेबांसारखा हातही हलवून दाखवला.

एकादशीच्या आतच निंबाच्या विहिरीच्या गल्लीत पटकी शिरली. त्या गल्लीतलं वर्णन मी करणार नाही. ज्या घरी मी रोज संध्याकाळी शिकवणीला जात असे, त्या घराला आठवड्याभरात बाहेरून कुलूप लागलं, आणि ते लावायलाही शेजारी यावा लागला. मग गावाला कुणीतरी धरायला हवा होता. धोंडूच्या खोपटात औषधाचा डबा भरलेला सापडला. धोंडू सणासुदीला ताडी पीत असे, हे सगळ्यांना माहीत. ‘पिऊन पडला आणि विहिरीत औषध टाकलंच नाही,’ असं एकजण म्हणाला आणि दिवस मावळायच्या आत सगळे म्हणू लागले. त्याला चौकात मारलं. चौकशीला बाहेरून अधिकारी आले. रावसाहेबांनी सांगितलं, मी हुकूम दिला होता, यानं पाळला नाही. धोंडू म्हणाला, साहेबांनीच नको म्हटलं, गर्गे मास्तर होते तिथं. कारकुनानं ते लिहूनच घेतलं नाही. मास्तरांसारखा माणूस ताडी पिणाऱ्या भोयाच्या बाजूनं कशाला साक्ष देईल, असं त्याला वाटलं असणार.

आणि मास्तर गेले नाहीत. बोलावणं आलं नाही, म्हणून गेले नाहीत. बोलावल्याशिवाय साक्षीला उभं राहणं त्यांना रीतीला सोडून वाटलं. ते रावसाहेबांकडे मात्र गेले. रावसाहेब म्हणाले, “मास्तर, चौकशी आटपू द्या. धोंडूला मी वाऱ्यावर सोडणार नाही. चार महिन्यांनी मीच सगळं उघड सांगतो.” मास्तरांनी विश्वास ठेवला. मंगळवारच्या पोळीनं त्यांना ठेवायला लावला.

चार महिन्यांत धोंडू खंगला. काम गेलं, लोक सावलीला उभं करीनात. शेवटी शेवटी त्यानं मास्तरांना बोलावून घेतलं. मी बरोबर होतो. खोपटात धोंडूची बायको पारू त्याच्या पायाशी बसली होती. धोंडू म्हणाला, “मास्तर, तुमी व्हता तिथं. येकडाव सांगा लोकास्नी. मी मेल्यावर सांगितलं तरी चालंल, पर सांगा.” मास्तरांनी त्याच्या हातावर हात ठेवून वचन दिलं. धोंडू दोन दिवसांनी गेला.

त्यानंतर महिन्या-दोन महिन्यांनी पारू मास्तरांच्या दाराशी यायची. तिचं मागणं एकच होतं. निंबाच्या विहिरीवर बायका तिला घागर सोडू देत नसत; म्हणत, तुझ्या नवऱ्यानं आमची माणसं खाल्ली. ती पाण्याला थेट गंगेवर जायची, घागर डोक्यावर घेऊन, सगळ्या पेठेतून. “मला काय नको मास्तर,” ती म्हणायची, “बाया घागर सोडू देतील येवढं बगा. ह्यांच्या नावाचं किटाळ गेलं म्हंजी झालं.” मास्तर म्हणायचे, “सांगतो, पारूबाई. सांगणार आहे.” चार महिने केव्हाच उलटले तरी रावसाहेबांनी काही उघड केलं नव्हतं. तेवढ्यात त्यांना अर्धांगाचा झटका आला आणि त्यांची वाचा गेली. आता अंथरुणाला खिळलेल्या माणसाविरुद्ध कसं बोलायचं? मास्तर थांबले. रावसाहेब वर्षभर तसे पडून होते. मग गेले.

सभेच्या दिवशी दुपारी मास्तरांनी ठरावाचा कागद माझ्या हातात दिला. मी तो दोनदा वाचला. अजून पाठ आहे. ‘रावसाहेबांनी गंगेवरच्या पायऱ्या नीट करून घेतल्या, मला व माझ्यासारख्या अनेकांना जेवू घातले, हे मी पाहिले आहे. निंबाच्या विहिरीच्या बाबतीत रावसाहेबांनी औषध टाकू नये असा हुकूम दिला, हेही मी ऐकले आहे. धोंडू भोई याचा दोष नव्हता. हे मी आधी सांगायला हवे होते.’

“मास्तर,” मी म्हटलं, “हे वाचायचं नाही. माणूस गेला आहे. त्याला आता उत्तर देता येत नाही.”

“धोंडूला येतं?” मास्तर म्हणाले. “दोघेही गेलेत, काळे. एकाबद्दल वाईट बोलायचं नाही, म्हणून दुसऱ्याबद्दल रोज विहिरीवर बोलायचं. हा कुठला न्याय?”

“मग रावसाहेब हिंडत-फिरत होते तेव्हा का नाही बोललात? लोक हेच विचारतील.”

मास्तर डबी हातात फिरवत म्हणाले, “पाठीमागे बोलू नये. अन्न खाल्लेल्या घराबद्दल बोलू नये. आजाऱ्याला बोलू नये. मेलेल्याबद्दल बोलू नये. मी सगळं पाळलं. मग बोलायचं कधी, ते कुणी सांगितलंच नाही. खरं सांगू? मला ते बरंच पडलं. म्हणून तर चौथं वाक्य घातलंय.”

मला त्यांची दया आली, आणि त्याहून जास्त माझी काळजी वाटली. मी दुय्यम चिटणीस होतो, शाळेत अजून कायम झालो नव्हतो, आणि सभेचे अध्यक्ष तात्यासाहेब शाळेच्या मंडळावर होते. मी सभेआधी तात्यासाहेबांकडे गेलो. सगळं सांगितलं नाही. “मास्तरांना आज जास्त बोलू देऊ नका,” इतकंच म्हटलं, “निंबाच्या विहिरीच्या गोष्टीवर येतील. प्रकृती बरी नाही त्यांची.” तात्यासाहेब हुशार होते. त्यांनी फक्त मान हलवली.

दिवाणखाना जिन्यापर्यंत भरला होता. मास्तर उभे राहिले आणि नेहमीसारखं सावकाश वाचू लागले. पायऱ्या झाल्या, मंगळवारचं जेवण झालं. लोक डोळे पुसू लागले. मग मास्तरांनी श्वास घेतला. “निंबाच्या विहिरीच्या बाबतीत रावसाहेबांनी,” इतकं ते म्हणाले, आणि तात्यासाहेब खुर्चीवरून उठले.

“मास्तरांचा कंठ दाटून आला आहे,” ते म्हणाले. “आपण सर्वांनी उभं राहून स्तब्धता पाळू या.”

सगळी सभा उभी राहिली. मास्तर उभेच होते. त्यांचं तोंड उघडं होतं, कागद हातात होता. मी त्यांच्या शेजारी, हाताच्या अंतरावर. पुढचा शब्द त्यांच्या ओठांवर आलेला मी पाहिला. तो त्यांनी काढला नाही. सभा उभी राहिली की अक्षर काढायचं नाही, हा त्यांचाच नियम होता, आणि इतक्या वर्षांत त्यांनी तो मोडला नव्हता. मला वाटत होतं, मोडा, मास्तर, आज मोडा. मी स्वतःही तोंड उघडू शकलो असतो. दोन मिनिटं झाली, तीन झाली. तात्यासाहेब खाली बसले, आणि लोक नियमाप्रमाणे एक शब्द न बोलता जिना उतरून गेले. दिवाणखान्यात आम्ही दोघे राहिलो आणि रावसाहेबांची तसबीर राहिली.

त्या आठवड्याच्या गावातल्या पत्रात बातमी आली: ‘गर्गे मास्तर यांनी निंबाच्या विहिरीसंबंधी रावसाहेबांच्या कार्याचा सद्गदित कंठाने उल्लेख केला. भावना अनावर झाल्यामुळे त्यांना पुढे बोलता आले नाही.’

मास्तर संपादकांकडे गेले. संपादक म्हणाले, “दुरुस्ती कसली छापू, मास्तर? तुम्ही बोललात कुठे?” मास्तर म्हणाले, मग आता बोलतो, हे छापा. संपादकांनी कागद वाचला आणि घडी घालून परत दिला. “गेलेल्या माणसावर आम्ही चिखल उडवीत नाही.” मास्तर म्हणाले, “दोन वर्षांमागे धोंडूवर तुम्ही अर्धं पान छापलं होतं. तोही गेलाय.” संपादक म्हणाले, “त्याची गोष्ट वेगळी.”

मग मास्तर घरोघर गेले. त्यांना कुणी हाकललं असतं, शिव्या दिल्या असत्या, तर बरं झालं असतं. कुणी तसं केलं नाही. लोक त्यांना बसवून चहा देत, ऐकून घेत आणि म्हणत, “फार लावून घेतलंत, मास्तर. थोडे दिवस हवापालट करा.” रावसाहेबांच्या मुलानं तर सगळं ऐकून त्यांना मिठी मारली आणि रडला. त्याला वाटलं, बापाच्या दुःखानं मास्तर भ्रमिष्ट झाले. धोंडूच्या आळीतली माणसंही ऐकायची आणि गप्प राहायची. त्यांना मोहोळकरांच्या घरचं काम लागायचं. मास्तरांचं खरेपण गावाला ठाऊक होतं, आणि ते मानाचं म्हणून जपूनही ठेवलेलं होतं, पण त्यावर विश्वास ठेवायची वेळ आली तेव्हा कुणाला ते नको होतं.

एके संध्याकाळी वाचनालय बंद करताना त्यांनी मला विचारलं, “तात्यासाहेबांना आधी कसं कळलं, काळे?”

मी सांगितलं. त्यांच्याशी खोटं बोलायची मला सवय नव्हती.

“माझ्या भल्यासाठी सांगितलंत?”

“हो,” मी म्हटलं. माझ्या भल्याचं मी काढलं नाही.

“मग झालं,” मास्तर म्हणाले. “रावसाहेबांनीही यात्रेच्या भल्यासाठीच सांगितलं होतं.” त्यांनी किल्ल्या माझ्याकडे दिल्या. दुसऱ्या दिवसापासून ते वाचनालयात आले नाहीत. ठराव पुन्हा उदार आणि धर्मनिष्ठ होऊ लागले. ते मी लिहू लागलो होतो.

वर्षश्राद्धाच्या सुमाराला रावसाहेबांचं स्मारक करायचं ठरलं. कुठे करायचं? कुणीतरी म्हणालं, गर्गे मास्तर सभेत निंबाच्या विहिरीचंच काहीतरी सांगत होते, तिथेच करू. विहिरीच्या काठाला काळा दगड बसवला. त्यावर लिहिलं: ‘रावसाहेब मोहोळकर यांच्या पुण्यस्मरणार्थ. लोकांना शुद्ध पाणी मिळावे म्हणून ते आजन्म झटले.’ अनावरणाला मास्तरांना बोलावणं होतं. ते आले नाहीत. मी गेलो होतो. हार मीच आणला होता.

नंतर थोड्याच दिवसांत मास्तर घर आवरून भाच्याकडे येवल्याला गेले आणि तिथेच वारले. त्यांनी नाशिक सोडण्यापूर्वी मी त्यांना शेवटचं पाहिलं, ते त्या विहिरीवर.

सकाळची वेळ होती. मी शाळेकडे चाललो होतो. चार-पाच बायका पाणी ओढत होत्या. मास्तर निंबाखाली एकटेच उभे होते; कशाला आले होते, देव जाणे. बहुधा दगड बघायला. तेवढ्यात गल्लीच्या तोंडाशी पारू दिसली. डोक्यावर घागर, हातात दोर. इतक्या दिवसांत तिला मी त्या विहिरीकडे फिरकताना पाहिलं नव्हतं. बायकांनी दोर थांबवले. पारू सरळ मास्तरांपुढे आली आणि घागर खाली ठेवून त्यांच्या पायाला हात लावायला वाकली.

“मास्तर, तुमी सबद पाळला,” ती म्हणाली. “लोक म्हनाले, मास्तर सभंत हिरीचं बोलले, आन् त्याच्यामुळं हितं दगूड बशिवला. मला ठावं व्हतं तुमी सांगनार.” तिनं दगडाकडे पाहिलं. “मला वाचता येत नाय. ह्यांचं नाव कुठं हाय, तेवढं बोट लावून दावा.”

बायका कान देऊन ऐकत होत्या. त्यांच्यातल्याही कुणाला अक्षर येत नव्हतं, आणि दगडाचा कार्यक्रम पुरुषांचा होता. मास्तरांनी माझ्याकडे पाहिलं. तिथं वाचू शकणारे आम्ही दोघेच होतो. मग ते हळूहळू वाकले आणि पहिल्या ओळीच्या सुरुवातीला बोट ठेवलं.

“हे बघ, पारूबाई,” ते म्हणाले. “इथं लिहिलंय.”

पारूनं ती अक्षरं हातानं चाचपली. एक म्हातारी बाई मला म्हणाली, “व्हय ओ काळे मास्तर? धोंडूचं नाव हाय त्याच्यावर?”

“आहे,” मी म्हटलं.

म्हातारीनं पारूकडे पाहिलं. मग म्हणाली, “गर्गे मास्तर म्हनत्यात तर आसंल,” आणि तिनं आपली घागर काठावरून उचलून बाजूला घेतली. पारूनं दोर सोडला. तिची घागर पाण्यावर आदळल्याचा आवाज आला आणि ती रडायला लागली.

मी मास्तरांच्या जवळ गेलो. ते वाकलेलेच होते. बोट त्यांनी दगडावरून काढलं नव्हतं. ते रावसाहेबांच्या नावावर होतं.